दुखणं तेच, नियम नवा

आपल्या शाळेने शिक्षक दिले, डॉक्टर दिले, इंजिनिअर दिले, तसेच फौजीही दिले. बारावी झाल्यावर पहाटे उठून रस्त्यावर धावायचा सराव करणारी आपल्या बॅचची मुलं सर्वांना आठवत असतील. कारगिलच्या युद्धाच्या आगेमागे त्यातली काही भरती झाली. आज ती सगळी पन्नाशीच्या अलीकडे उभी आहेत. काही जण पंधरा-सतरा वर्षांची नोकरी करून केव्हाच घरी आले, काही जण हवालदार-सुभेदार होऊन अलीकडे निवृत्त झाले. येताना कुणी गुडघे खराब करून आलं, कुणाला एका कानाने ऐकू येत नाही, कुणाला रक्तदाबाची गोळी लागली आहे. मग बॅचच्या ग्रुपवर तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. त्याला डिसॅबिलिटी पेन्शन मिळते, मला का नाही? दुखणं तर दोघांचं सारखंच आहे.

मी वकील नाही. संगणकाचे प्रोग्राम लिहिणं हा माझा व्यवसाय. पण गावाकडे कुणाच्या घरी इंग्रजी कागद आला की, "तू शिकलेली आहेस, बघ जरा," म्हणून तो माझ्याकडे पोचतो. असे फौजी कागद वाचताना एक गोष्ट लक्षात आली. या प्रश्नाचं उत्तर डॉक्टरी पुस्तकात अर्धंच आहे, उरलेलं अर्धं इतिहासात आहे. कोणत्या तारखेला नोकरी संपली, त्या दिवशी कोणता नियम चालू होता आणि त्या नियमाचा अर्थ न्यायालयाने पुढे काय लावला, यावर माणसाचा हक्क ठरतो. शाळेत ज्या सनावळ्या आपण कंटाळून पाठ केल्या, त्यांच्यासारखीच ही एक सनावळी आहे. फरक इतकाच की हिच्यातली एक तारीख चुकली तर कुणाच्या तरी घरात दरमहा काही हजार रुपये कमी येतात.

दिसणारी जखम

जखमी सैनिकाचं पुढे काय करायचं, हा प्रश्न महाराष्ट्राला नवीन नाही. पहिल्या महायुद्धात आपल्या भागातले जवान समुद्रापलीकडे लढले. हात-पाय गमावून परतलेल्यांना काही तरी हुन्नर शिकवावा म्हणून १९१७ साली क्वीन मेरीज टेक्निकल स्कूल सुरू झालं. ती संस्था आजही पुण्याजवळ खडकीला आहे. दुसरं महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र उभं राहिलं. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले मुरलीकांत पेटकर हे सांगली जिल्ह्यातले. त्यांनी १९७२ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात भारताला पहिलं सुवर्णपदक मिळवून दिलं. अलीकडे त्यांच्यावर सिनेमा आल्यामुळे हे नाव आपल्या मुलांनाही ठाऊक झालं आहे.

या कहाण्यांत एक गोष्ट सारखी आहे. जखम डोळ्यांना दिसते. गोळी कुठे लागली, सुरुंगाने पाय कुठे गेला, याबद्दल वाद होत नाही. खरा वाद होतो तो न दिसणाऱ्या दुखण्यांवर. फिट येणं, मानसिक आजार, रक्तदाब, मधुमेह, पाठीचा मणका, कानाचा पडदा. ही दुखणी फौजेमुळे झाली की घरी राहिला असता तरी झालीच असती? डिसॅबिलिटी पेन्शनच्या नियमांचा सगळा इतिहास या एका प्रश्नाभोवती फिरतो.

सिद्ध कुणी करायचं?

१९६१ च्या लष्करी पेन्शन नियमावलीत १७३ क्रमांकाचा नियम आहे. त्याचा अर्थ सोप्या भाषेत असा. लष्करी नोकरीमुळे झालेलं किंवा त्या नोकरीमुळे वाढलेलं अपंगत्व असेल, ते किमान २० टक्के असेल आणि त्यामुळे जवानाला नोकरीतून काढावं लागलं असेल, तर त्याला डिसॅबिलिटी पेन्शन मिळावी. ‘मुळे झालेलं’ किंवा ‘मुळे वाढलेलं’ या दोन शब्दांवर पुढची सगळी लढाई झाली. मेडिकल बोर्डाला दोन्ही नाकारायचं असेल तर ते तसा शेरा मारतं. इंग्रजी आद्याक्षरांमुळे फौजेत या शेऱ्याला ‘नाना’ म्हणतात. आपल्याकडे नाना म्हणजे घरातलं वडीलधारं माणूस. फौजी घरात मात्र हा नाना आला की पेन्शन गेली.

हे सिद्ध करायची जबाबदारी कुणाची? ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात याच प्रश्नावर मोठा असंतोष झाला आणि डिसेंबर १९४३ च्या राजाज्ञेने पुराव्याचं ओझं सैनिकाच्या खांद्यावरून काढलं. तोपर्यंत आजारी सैनिकाने स्वतःचा दावा सिद्ध करायचा होता. त्यानंतर सरकारने तो खोडून दाखवायचा, असं ठरलं. पुढे लॉर्ड डेनिंग म्हणून प्रसिद्ध झालेले न्यायाधीश १९४० च्या दशकात असे पेन्शनचे दावे ऐकत असत. फौजदारी खटल्यात पुरावा किती पक्का हवा, हे सांगताना वकील आजही ज्या मिलर खटल्याचा दाखला देतात, तो १९४७ चा निकालही मुळात एका सैनिकाच्या पत्नीच्या पेन्शनचा होता.

आपल्याकडे १९८२ साली जे पात्रता नियम आले, त्यांत हीच उदार भूमिका आहे. त्यातल्या तीन गोष्टी समजल्या तर पुढचं सगळं समजतं. पहिली, भरतीच्या वेळी डॉक्टरी तपासणीत दुखण्याची नोंद नसेल, तर तेव्हा जवान धडधाकट होता असं मानायचं आणि पुढे प्रकृती ढासळली तर ती नोकरीमुळे ढासळली असं धरायचं. दुसरी, हक्क सिद्ध करायचं ओझं जवानावर टाकायचं नाही. शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा, आणि आघाडीवर नोकरी केलेल्याला अधिक सढळपणे द्यायचा. तिसरी, दुखणं आधीपासून होतं पण भरतीच्या तपासणीत कळणं शक्य नव्हतं, असं बोर्डाला म्हणायचं असेल तर त्याने कारणं लिहायची.

नियम इतका स्पष्ट होता, पण व्यवहार वेगळा होता. बोर्ड एका ओळीत ‘घडणीतला आजार, नोकरीशी संबंध नाही’ असं लिहायचं आणि दावा फेटाळला जायचा. धरमवीर सिंग या जवानाचा खटला याचं सर्वांत बोलकं उदाहरण आहे. ते १९८५ साली सिग्नल्समध्ये भरती झाले. सुमारे नऊ वर्षांच्या नोकरीनंतर फिट येण्याच्या आजारामुळे २० टक्के अपंगत्व धरून १ एप्रिल १९९४ पासून त्यांना बोर्ड आउट करण्यात आलं. पेन्शन नाकारली गेली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात २००४ साली एकल न्यायाधीशांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, २००९ साली त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने तो उलटवला. सर्वोच्च न्यायालयाने २ जुलै २०१३ रोजी शेवटचा निकाल त्यांच्या बाजूने दिला. भरतीच्या कागदात आजाराची नोंद नाही, बोर्डाने कारण दिलेलं नाही, मग फायदा जवानाचा. न्यायालयाने नवीन काही निर्माण केलं नाही. १९८२ सालापासून छापलेला नियमच मोठ्याने वाचून दाखवला. त्यासाठी एका जवानाची एकोणीस वर्षं गेली.

पुढे २०१४ साली सुखविंदर सिंग आणि फेब्रुवारी २०१५ मध्ये राजबीर सिंग या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व पक्कं केलं. सुखविंदर सिंग निकालाने आणखी एक व्यावहारिक मुद्दा सोडवला. ज्याला दुखण्यामुळे नोकरीतूनच काढलं, त्याचं अपंगत्व २० टक्क्यांपेक्षा कमी होतं असं म्हणता येणार नाही. काढण्याइतकं मोठं आणि पेन्शन देण्याइतकं लहान, असं एकाच वेळी कसं असेल?

२००८ : ओझं थोडं सरकलं

हे निकाल येईपर्यंत नियम मात्र बदलून गेला होता. १ जानेवारी २००८ पासून नोकरी संपलेल्यांसाठी नवे पात्रता नियम लागू झाले. भरतीची तपासणी ही वरवरची असते, तिच्यात सुप्त आजार कळतीलच असं नाही, आणि आजार नोकरीच्या काळात दिसला एवढ्यावरून तो नोकरीमुळे झाला असं ठरत नाही, हे त्यांत स्पष्ट लिहिलं गेलं. म्हणजे १९८२ च्या नियमांत जवानाच्या बाजूने जे गृहीत धरलं होतं, ते सैल केलं गेलं.

पुराव्याच्या ओझ्याबद्दलही एक वाक्य आलं. सामान्यतः जवानाने काही सिद्ध करायचं नाही, पण दावा निवृत्तीनंतर १५ वर्षांनी केला आणि तोवर ठरलेली मुदत संपून त्याचे नोकरीचे कागद नष्ट झाले असतील, तर सिद्ध करायची जबाबदारी त्याची. हे वाक्य आपल्या बॅचच्या प्रत्येकाने दोनदा वाचावं. २०१० साली निवृत्त झालेल्या माणसाची १५ वर्षं २०२५ सालीच संपली. कागद सरकारच्या ताब्यात होते, सरकारी मुदतीनुसार सरकारनेच ते नष्ट केले, आणि सिद्ध करायची वेळ आली की ओझं त्याच्यावर. म्हणून स्वतःजवळची प्रत हा या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज आहे.

रक्तदाबासारख्या आजाराबाबत २००८ च्या वैद्यकीय पुस्तिकेने पोस्टिंगचा निकष लावला. आजार फील्डमध्ये, उंचावरच्या भागात किंवा दहशतवादविरोधी मोहिमेत असताना उद्भवला किंवा वाढला तर विचार होईल, शांत ठिकाणच्या छावणीत असताना सुरू झाला तर ‘नाना’. एकाला द्रासला असताना चक्कर आली आणि तपासणी झाली, दुसऱ्याला तिथून बदली होऊन पीस स्टेशनला आल्यावर तीन महिन्यांनी निदान झालं. रक्तदाब दोघांचाही वरच होता. पण कागदावर ठिकाण वेगळं पडलं.

नोकरी कशी संपली?

दुसरा वाद असा की माणूस बाहेर कसा पडला. दुखण्यामुळे फौजेने काढलं तर तो ‘बोर्ड आउट’. दुखणं असूनही हलक्या कामावर ठेवून घेतलं आणि मुदत पूर्ण करून निवृत्त केलं, तर वेगळा वर्ग. स्वतः अर्ज करून लवकर बाहेर पडला तर तिसरा वर्ग. नियमांनी या तिघांना बराच काळ वेगळं वागवलं.

पाचव्या वेतन आयोगानंतर ३१ जानेवारी २००१ च्या आदेशाने ‘ब्रॉड बँडिंग’ आलं. मेडिकल बोर्डाचं गणित काटेकोर नसतं, एका बोर्डाचे २० टक्के दुसऱ्या बोर्डाचे ३० होऊ शकतात, म्हणून टक्केवारी ठरावीक टप्प्यांवर नेऊन हिशेब करायचा. ५० च्या खाली असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यावर असेल तर १००. हा फायदा आधी फक्त बोर्ड आउट झालेल्यांना होता. मुदत पूर्ण करणाऱ्याने दुखणं घेऊन जास्त वर्षं सेवा केली, त्याला मात्र नाही. १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने सरकारची अपिलं फेटाळली आणि हा फायदा मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही दिला.

रुपयांत सांगते. शेवटचा पगार ४०,००० रुपये धरा. १०० टक्के अपंगत्वाला त्याच्या ३० टक्के, म्हणजे १२,००० रुपये. अपंगत्व २० टक्के असेल तर २,४०० रुपये. ब्रॉड बँडिंगने २० चे ५० झाले की ६,००० रुपये. महागाई भत्ता वेगळा. महिन्याला ३,६०० रुपयांचा फरक, तोही जन्मभर.

पण २० टक्क्यांची भिंत तशीच राहिली. ११ डिसेंबर २०१९ रोजी विंग कमांडर राठोड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अपंगत्व २० च्या खाली असेल तर मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्याला मुळात हक्कच नाही, मग टक्केवारी वर नेण्याचा प्रश्न येत नाही. म्हणजे २० टक्के लिहिलं तर ५० चे पैसे, १९ लिहिलं तर शून्य. एका आकड्यात एवढं अंतर!

स्वतः अर्ज करून बाहेर पडलेल्यांची गोष्ट तर शुद्ध तारखेची आहे. २००९ च्या आदेशाने त्यांनाही डिसॅबिलिटी पेन्शनचा हक्क मिळाला, पण १ जानेवारी २००६ नंतर बाहेर पडलेल्यांनाच. ३१ डिसेंबर २००५ ला बाहेर पडलेला माणूस एका दिवसाने हुकला. ही भिंत पाडणारा आदेश २०१७ साली आला. २०१९ साली आयकर खात्याच्या परिपत्रकाने पुन्हा तीच रेघ ओढली. करमाफी बोर्ड आउट झालेल्याला, मुदत पूर्ण केलेल्याला नाही. तो वादही न्यायालयात गेला.

टक्के की ठोक रक्कम?

सातव्या वेतन आयोगाने टक्केवारीची पद्धत काढून हुद्द्यानुसार ठोक रक्कम सुचवली. १०० टक्के अपंगत्वाला अधिकाऱ्याला २७,०००, जेसीओला १७,००० आणि जवानाला १२,००० रुपये. सप्टेंबर २०१६ मध्ये सरकारने ती स्वीकारली तेव्हा मोठी नाराजी उसळली. नागरी कर्मचाऱ्यांना टक्केवारी आणि फौजींना ठोक रक्कम का, हा प्रश्न रास्त होता. पगार वाढला की टक्केवारीचे रुपये आपोआप वाढतात, ठोक रक्कम जागच्या जागी राहते. अखेर ३ मे २०१७ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने टक्केवारीची जुनी पद्धत कायम ठेवायचं ठरवलं. त्यासाठी वर्षाला सुमारे १३० कोटी रुपये जादा लागतील, असं तेव्हा जाहीर झालं होतं. नियम बदलला आणि विरोध झाल्यावर मागे घेतला गेला, असं या सनावळीत क्वचितच दिसतं.

त्याच काळात, २०१५ मध्ये, आपले शेजारी मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री होते. सैनिक आणि सरकार यांच्यातले खटले कमी कसे करावेत, हे पाहण्यासाठी त्यांनी तज्ज्ञ समिती नेमली आणि तिच्यात कारगिलमध्ये पाय गमावलेल्या मेजर डी. पी. सिंग यांनाही घेतलं. ज्याने भोगलं आहे त्याला नियमाच्या टेबलावर बसवणं, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

२०२३ : नवी रेघ

२१ सप्टेंबर २०२३ पासून पुन्हा नवे पात्रता नियम लागू झाले. दुखणं असूनही नोकरीत राहून मुदत पूर्ण करणाऱ्याला जे मिळेल, त्याला आता ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ असं वेगळं नाव आहे. टक्केवारी ठरवणारी वैद्यकीय पुस्तिकाही बदलली. जे त्या तारखेआधी निवृत्त झाले त्यांना हे लागू नाही, असं सरकारने स्पष्ट केलं.

इथे दोन्ही बाजू मांडायला हव्यात. सरकारचं म्हणणं असं की रक्तदाब, मधुमेह यांसारख्या जीवनशैलीच्या आजारांवर पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण वाढलं आहे आणि त्यामुळे खऱ्या जखमींचा सन्मान कमी होतो. कॅगनेही याकडे लक्ष वेधलं होतं. निवृत्त होताना असं पेन्शन घेणाऱ्यांचं प्रमाण अधिकाऱ्यांमध्ये जवानांच्या दुपटीहून जास्त असल्याचं त्यांच्या तपासणीत दिसलं होतं. हे वाचून कुणालाही प्रश्न पडेल, आणि पडायलाही हवा.

माजी सैनिक संघटनांचं म्हणणं वेगळं. वर्षानुवर्षं अपुरी झोप, कुटुंबापासून दूर राहणं, जेवणाच्या वेळा नाहीत, सतत सावध राहणं, याचा रक्तदाबाशी संबंध नाही असं कोण म्हणेल? मला वाटतं दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. काहींनी सवलतीचा गैरफायदा घेतला असेल. पण गैरफायदा रोखायला सर्वांसाठी दार अरुंद केलं, की सर्वांत आधी अडकतो तो कमी शिकलेला, इंग्रजी कागद न वाचता येणारा, वकील न परवडणारा जवान. ज्याला दार उघडायची युक्ती ठाऊक आहे, तो अरुंद दारातूनही जातो.

आपल्या बॅचसाठी तर ही रेघ अगदी मधून गेली आहे. एकाच महिन्यात भरती झालेल्या दोघांपैकी एक ऑगस्ट २०२३ मध्ये निवृत्त झाला आणि दुसरा ऑक्टोबरमध्ये, तर दोघांची पुस्तकं वेगळी. पुढच्या पिढीसाठी तर रचनाच निराळी आहे. २०२२ पासूनच्या अग्निवीरांना सेवेमुळे अपंगत्व आलं तर पेन्शन नाही, एकरकमी भरपाई आहे. १०० टक्क्यांना ४४ लाख, ७५ ला २५ लाख, ५० ला १५ लाख. आपली मुलं आता भरतीच्या वयात आली आहेत, म्हणून हेही माहीत असावं.

माझ्या व्यवसायात प्रोग्रामची नवी आवृत्ती आली की जुनी हळूहळू बंद करतात. पेन्शनमध्ये तसं करता येत नाही. १९९४ चा माणूस १९८२ च्या नियमावर, २०१२ चा २००८ च्या, आजचा २०२३ च्या. सगळ्या आवृत्त्या एकाच वेळी चालू ठेवाव्या लागतात. ‘स्पर्श’ ही ऑनलाइन पेन्शन व्यवस्था आल्यापासून मंजुरी आणि वाटप एका ठिकाणी आलं, हे चांगलंच झालं. पण संगणक फक्त भरलेली माहिती वाचतो. बोर्डाच्या कागदावर ‘नाना’ असेल, तर पडद्यावरही नानाच दिसणार.

दाद कुठे मागायची?

पूर्वी यासाठी उच्च न्यायालय गाठावं लागे. २००७ च्या कायद्याने सशस्त्र दल न्यायाधिकरण स्थापन झालं आणि ऑगस्ट २००९ मध्ये तेव्हाच्या राष्ट्रपती, आपल्या प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याचं एक पीठ मुंबईत आहे. न्यायाधिकरणाच्या निकालाविरुद्ध कुठे जायचं, यावरही हेलकावे झाले. २०१५ च्या एका निकालाने उच्च न्यायालयाची वाट जवळजवळ बंद केली. साध्या जवानाला सरळ दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात जाणं कसं जमणार? २१ मार्च २०२३ च्या निकालाने ती वाट पुन्हा मोकळी झाली.

उशीर झाला म्हणून हक्क संपत नाही, हेही लक्षात ठेवा. तरसेम सिंग हे १९८३ साली बोर्ड आउट झाले आणि १९९९ साली न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली सांगितलं की पेन्शन न देणं ही दर महिन्याला नव्याने घडणारी चूक आहे, म्हणून दावा चालेल, पण मागची थकबाकी फक्त तीन वर्षांची मिळेल. सोळा वर्षं थांबलेल्या माणसाची तेरा वर्षं वाहून गेली. हक्क टिकतो, पैसे टिकत नाहीत.

आपल्यापुरतं

ज्यांना गरज आहे त्यांनी घरची ट्रंक उघडावी. भरतीच्या वेळच्या तपासणीचा कागद, निवृत्तीच्या वेळच्या मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत, डिस्चार्ज बुक, पीपीओ आणि दावा फेटाळल्याचं पत्र, एवढं एकत्र करावं. बोर्डाची प्रत नसेल तर रेकॉर्ड ऑफिसकडे लेखी मागावी, नाही दिली तर माहिती अधिकारात मागावी. त्यात तीन गोष्टी पाहाव्यात. भरतीच्या वेळी दुखण्याची नोंद होती का, नोकरीशी संबंध नाकारताना बोर्डाने कारण लिहिलं आहे का, आणि दुखणं सुरू झालं तेव्हा पोस्टिंग कुठे होतं. दावा फेटाळला गेला असेल तर पहिलं अपील सहा महिन्यांत करायचं असतं. जिल्ह्याचं सैनिक कल्याण कार्यालय, ज्याला आपण अजून सैनिक बोर्डच म्हणतो, तिथे अर्ज लिहून देतात. जे अजून नोकरीत आहेत त्यांनी दुखणं अंगावर काढू नये. ‘फौजी माणूस कण्हत नाही’ हे ऐकायला छान आहे, पण ज्या दुखण्याची नोंद युनिटच्या दवाखान्यात नाही, ते दुखणं पुढे कुणी मानत नाही.

आपल्या गुरुजनांनाही एक विनंती आहे. तुमचे विद्यार्थी अजून भरतीला जातात. निरोप समारंभात त्यांच्या हातात पेन देता, त्याबरोबर एक प्लास्टिकची फाइलही द्या, आणि फौजेतला प्रत्येक कागद तिच्यात ठेवायला सांगा.

स्नेहमेळाव्याला येणाऱ्या आपल्या फौजी मित्रांनी आपापले कागद बरोबर आणावेत. दुपारच्या जेवणानंतर मी एका वर्गात बसणार आहे. निकाल माझ्या हातात नाही, पण कोणाच्या प्रकरणाला कोणत्या सालचा नियम लागतो, एवढं आपण मिळून नक्की शोधून काढू.